पहिली कडी बिबट्याची

१२ ऑक्टोबर, रविवार

खताच्या दुकानदारानं जानेवारीत दिलेली ही डायरी आजवर खुंटीलाच लटकून होती. आमची कारभारीण धोंडाबाई म्हणाली, "लिवा तरी काहीतरी, न्हाईतर मला द्या, चुलीला व्हईल." म्हणून बसलो. शाळा माझी चौथीत सुटली. पुढचं वाचन झालं ते पाण्याच्या मोटारींवरच्या पाट्या आणि वाण्याच्या पुड्या वाचून. तेव्हा चुकलंमाकलं देवानं पदरात घ्यावं.

आपण रोज कुणाच्या ना कुणाच्या उपकारावर जगतो. रोज एकाचं तरी नाव इथं लिहायचं, एवढंच ठरवलंय.

परवा शेजारच्या हौशीरामाचं वासरू बिबट्यानं नेलं. दिवस मावळता, गोठ्यातून. कडी लावायची राहिली होती. वनखात्याची माणसं पिंजरा लावून गेली आणि सगळ्यांना बजावून गेली, "जनावरं बंदिस्त ठेवा, कडी तपासून घेत जा." आमची वस्ती कळंबच्या बाहेर, तीन बाजूंना ऊस. आमच्या गोठ्यात एक गाय, तिची कालवड आणि दोन शेळ्या. मी आमच्या नातीला म्हणालो, "संस्कृती, आजपासून कडीचं खातं तुझं." पोर आठवीत आहे, शब्दाची पक्की. संध्याकाळी कडी लावली, घरात आली, परत जाऊन पाहून आली, आणि जेवता जेवता उठून पुन्हा एकदा. सूनबाई म्हणाली, "अगं, जेव तरी." मी म्हणालो, "योगिता, बोलू नको तिला. एवढी शहाणी पोर गावात दुसरी दाखव."

आजचे उपकार संस्कृतीचे. तिच्या जिवावर निवांत झोपणार.

१७ ऑक्टोबर, वसुबारस

गाय-कालवडीला ओवाळलं. संस्कृतीनं पूजा मन लावून केली. मात्र रांगोळी अर्धीच राहिली, कारण मधे मधे उठून कडीकडं जात होती. दिवसाउजेडी! धोंडाबाईला कौतुक, "गाईवर जीव हाय पोरीचा."

पोरीला एवढी काळजी आहे तर आपण हात बांधून का बसावं? मी जन्मभर विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून दिली, लोखंडाला मी भीत नाही. दुपारी दाराला वरच्या अंगाला दुसरी कडी बसवली. संस्कृतीनं ती ओढून पाहिली, दाबून पाहिली आणि म्हणाली, "आबा, आता पक्कं ना?" म्हणालो, "हत्ती आला तरी उघडायचं न्हाई." लई हसली. आजचे उपकार माझ्या वेल्डिंग मशीनचे.

३० ऑक्टोबर

दोन कड्या झाल्या, पण पोरीचं समाधान नाही. मग खाली अडसर घातला. त्यावर कुलूप. दारावर दिवा लावला, त्याचं बटण ओट्यावर आणलं, म्हणजे इथूनच उजेडात दिसेल. आता ती कडी पाहते, दुसरी पाहते, अडसर हलवते, कुलूप ओढते, दिवा लावून विझवून बघते. मधेच मनात काही आलं तर सगळं पहिल्यापासून. तोवर भाकरी गार.

येऊन मला विचारते, "आबा, लागली ना?" मी म्हणतो, "लागली गं बाय." पाणी पिऊन परत येते, "आबा, नक्की?" "नक्की." मला काही जड नाही. तोंडाला काय वीजबिल येतं?

धोंडाबाईनं मीठ-मोहऱ्या घेऊन तिची दृष्ट काढली. पोरीला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, "आजी, काढ ना." आता रोज संध्याकाळी काढावी लागते, आणि मोहरी चुलीत तडतडली नाही तर पुन्हा.

११ नोव्हेंबर

सुट्टी संपून शाळा सुरू झाली, आणि हा नवाच घोर. सकाळी संस्कृती फाट्यावर गाडीला गेली आणि अर्ध्या वाटेवरून पळत माघारी आली. कडी पाहिली आणि पुन्हा निघाली. गाडी गेली होती. मी मोटारसायकलवर सोडून आलो. कालही हेच.

सुदर्शन, माझा मुलगा, चाकणला कंपनीत आहे, सुट्टीला घरी येतो. त्यानं पोरीला झापलं. ती नुसती रडली. मी त्याला म्हणालो, "राव, पोर काय वाईट करतीय? गोठाच राखतीय ना?" बोललो खरा. पण शाळेपाशी ती मोटारसायकलवरून उतरली तेव्हा तिचं अंग कापत होतं, ते डोळ्यांपुढून जात नाही.

आजचे उपकार कुणाचे, ते सुचत नाही.

१९ नोव्हेंबर

कुलूप ओढून ओढून तिच्या बोटांची सालं निघालीत. हळद लावली. मला म्हणाली, "आबा, मला कंटाळा आलाय ओ." मी विचारलं, "कशाचा?" हळदीच्या बोटांनी पुन्हा कुलूप ओढायला गेली.

२४ नोव्हेंबर

शाळेच्या मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, "संस्कृती रोज मधल्या सुट्टीत माझा मोबाइल मागून घरी फोन लावते." खरंच आहे, तो मीच उचलतो. "आबा, कडी?" "लागलीय बाय." मॅडम म्हणाल्या, "तेवढ्यानं तिचं भागत नाही. तासाला लक्ष नसतं. विज्ञानात पहिली येणारी मुलगी, पेपर कोरा देते. मंचरला सरकारी दवाखान्यात मुलांच्या मनाचं बघणाऱ्या एक ताई येतात. घेऊन जा."

मला आला राग. मनाचं म्हणजे काय? आमच्या पोरीला काय वेड लागलंय? घरात तेच बोललो. धोंडाबाई म्हणाली, "बाहेरचं काही असंल. अंगारा आणते." सूनबाई कधी मोठ्यानं बोलत नाही. आज बोलली, "आबा, तुमची मोटार जळाली की तुमी अंगारा लावता का? माझी पोर जळतीय."

मी ओट्यावर जाऊन बसलो. थोड्या वेळानं आत येऊन म्हणालो, "ताई कुठल्या वारी येतात, विचार मॅडमना."

आजचे उपकार सूनबाईचे. तोंडानं म्हणालो नाही, इथं लिहून ठेवतो.

२ डिसेंबर, मंगळवार

मंचर. बाहेर बाकावर इतकी माणसं, आणि सगळ्यांच्या मांडीला लेकरं. मला वाटलं होतं, आपल्यालाच लाज. शेजारी कुणी आदिवासी पट्ट्यातनं आलेली माउली होती, तिचा मुलगा शाळेच्या नावानं ओकायचा. ती मला म्हणाली, "पावणं, आता लई फरक हाय. घाबरू नका." मीच घाबरलेला दिसत असणार.

ताईंचं नाव आरती. वयानं सूनबाईएवढ्या. आधी डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, लागली तर गोळी देऊ, पण आधी ताईंबरोबर काम सुरू करू. मग ताई संस्कृतीशी एकटीशी बराच वेळ बोलल्या. मला, सूनबाईला आणि सुदर्शनला आत घेतलं तेव्हा पोरीचे डोळे सुजलेले, पण खांदे खाली आले होते. डोक्यावरचा भारा कुणी उतरून घ्यावा तसे.

ताई म्हणाल्या, "संस्कृती, तू सांगतेस का मी सांगू?"

तिनंच सांगितलं. जमिनीकडं बघत. "मी कडी नीट नाही बघितली, तर बिबट्या आबांना नेईल. रातच्या लाइटीला आबा मोटार चालू करायला जातात ना उसातनं. मला माहितीये कडीचा आणि त्याचा काही संबंध नाही. तरी डोक्यात येतं. बघितलं की थांबतं. परत येतं."

मला वाटत होतं ती गाय राखतेय. पोर मला राखत होती. मी टोपी काढून हातात घेतली.

ताईंनी या आजाराला नाव सांगितलं, इंग्रजी अक्षरांचं आहे. म्हणाल्या, बऱ्याच मुलांना होतो, कुणाची चूक नाही, आणि बरा करता येतो. मी विचारलं, "म्हणजे स्टार्टरचा रिले नाजूक झाल्यावानी? मोटारीला काही झालेलं नसतं, तरी घडीघडी ट्रिप मारून ती बंद पाडतो?" ताई हसल्या. "अगदी तसंच, आबा. आणि आपण मोटार बदलत बसतो." सुदर्शन खाली मान घालून होता. आज रजा टाकून आला होता.

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. "बिबट्या खरा आहे. मी तुम्हाला भिऊ नका म्हणणार नाही. पहिली कडी बिबट्याची, ती लावायचीच, एकदा. त्यानंतरचं प्रत्येक बघणं आजाराचं. आणि आबा, तुम्ही 'लागली' म्हणता ना, ते आजाराला टाकलेले तुकडे आहेत. तुकडा मिळतो ते कुत्रं दार सोडत नाही."

मी म्हणालो, "मग पोरीनं विचारल्यावर गप बसू? दगडाचं काळीज करू?"

म्हणाल्या, "गप नाही. म्हणायचं, 'या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही, पण तुझ्याजवळ बसतो.' आणि खरंच बसायचं. भीती चढेल, चढेल आणि आपणहून उतरेल. ते तिला अनुभवू द्यायचं."

येताना कळंब आलं तेव्हा संस्कृती म्हणाली, "भूक लागलीये." आजचे उपकार त्या बाकावरच्या माउलीचे, आणि आरतीताईंचे.

५ डिसेंबर

ग्राइंडर घेऊन दुसरी कडी कापली. अडसर काढला, कुलूप काढलं. दिवा तसाच ठेवला, पण बटण परत गोठ्यात नेलं. सगळं माझ्याच हातचं. ठिणग्या उडत होत्या आणि मला वाटत होतं, एवढ्या मायेनं केलेलं हे, यात विष कुठून शिरलं? अजूनही पुरतं समजत नाही. पण जळकी तार आपणच भरलेली असली तरी काढावी लागते.

संस्कृती जवळ उभी होती. पांढरीफटक. म्हणाली, "आबा, एकच ठेवणार?" म्हणालो, "एकच. बिबट्याची."

११ डिसेंबर

घरात तमाशाच चाललाय. ताईंनी पोरीसोबत बसून पायऱ्या ठरवल्यात. खालची पायरी म्हणजे कडी एकदा लावायची आणि आमच्यात ओट्यावर येऊन बसायचं. पहिल्या संध्याकाळी ती बसली खरी, पण माझा सदरा मुठीत धरून. "आबा, लागली ना?" मी पाठ केलेलं म्हणालो, "या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही, पण तुझ्याजवळ बसतो." ती रडायला लागली. "तुमी आधी चांगले होता!" बसून राहिलो. केव्हातरी मूठ सैल झाली आणि पोर तिथंच लवंडून झोपली.

धोंडाबाईला मात्र जमत नाही. पोरीनं विचारलं की ही आतून ओरडते, "लागली गं माझे बाय, मी बघितलीय!" सूनबाई कपाळाला हात लावते. काल धोंडाबाई ताईंचं वाक्य म्हणायला गेली आणि म्हणाली, "ह्या प्रश्नाचं उत्तर... लागलीय." रडता रडता संस्कृतीच हसली. दृष्ट मात्र बंद केलीय, हे म्हातारीच्या बाजूनं लिहायला हवं. मोहरीचा डबा तिनं फळीवर मागं सारून ठेवलाय.

४ जानेवारी

डायरीतली तारीख संपली, पण पानं शिल्लक आहेत. वरची तारीख खोडून लिहितो.

चांगलं चाललं होतं. पोर आठवडाभर गाडीनं शाळेत गेली. आणि काल पलीकडच्या उसाची तोड सुरू झाली, तसा बिबट्या आमच्या बाजूला सरकला. सकाळी बांधावर पंजे उमटलेले. सगळ्यांनी पाहिले. संस्कृतीनंही.

संध्याकाळी तिनं कडी लावली, बसली, उठली. मी 'उत्तर देणार नाही' म्हणायला हवं होतं. पंजे तर खरेच होते! तिचा हात धरून मीच गोठ्यावर गेलो. बघून आलो. पुन्हा गेलो. म्हणालो, "लागलीय बाय, लागलीय." एकाच संध्याकाळी महिन्याची मेहनत पाण्यात.

६ जानेवारी

ताईंना सगळं खरं सांगितलं. वाटलं, रागावतील. त्या संस्कृतीला म्हणाल्या, "आबा घसरले म्हणून काय झालं? तू खाली पडलीस का? एक पायरीच आलीस ना खाली?" पोर म्हणाली, "एकच." मग मला म्हणाल्या, "पंजे दिसले तर वनखात्याला फोन करायचा, जनावर लवकर आत घ्यायचं, तुम्ही अंधारात एकट्यानं उसात जायचं नाही. हे शहाणपण. पण लावलेली कडी पंज्यांमुळं उघडत नाही."

सुदर्शननं मोटारीला मोबाइलवरून चालू-बंद होणारं यंत्र बसवून दिलं. मला आधी अपमान वाटला. मग वाटलं, पोरीची अर्धी भीती तर रास्त होती. माझ्याही वयाला जरा अक्कल यायला हरकत नाही. आजचे उपकार सुदर्शनचे.

१४ जानेवारी, संक्रांत

संस्कृतीनं तिळगूळ करून आरतीताईंसाठी डबा भरला. मॅडमसाठी वेगळा. मला हातावर ठेवला आणि म्हणाली, "गोड बोला, पण उत्तर देऊ नका." चाबरी झालीय. लई दिवसांनी चाबरी झालीय.

१० फेब्रुवारी

शाळेतून खोडदच्या विज्ञान प्रदर्शनाला मुलं न्यायची आहेत, तिथं त्या अजस्र दुर्बिणी आहेत ना, आभाळाकडं तोंड केलेल्या कढयांसारख्या, तिथं. संस्कृतीनं कांदा वाळवायचं उन्हाचं कपाट केलंय. काच, पुठ्ठा, काळा रंग. माझे हात नुसते शिवशिवतात, पण मी लांब बसतो. तिची निवड झाली.

पण मॅडम म्हणाल्या, दुर्बिणीच्या आवारात मोबाइल बंद ठेवावे लागतात. ताऱ्यांकडून येणारं लई बारीक काहीतरी त्या टिपतात, मोबाइलनं त्यात खरखर येते. म्हणजे सकाळपासून पार संध्याकाळपर्यंत फोन नाही. एरवी मधल्या सुट्टीचा फोन बंद झालाय खरा, पण मॅडमचा मोबाइल जवळ आहे हा आधार तिला असतोच. तो आधारच नसणार.

संस्कृती दोन दिवस नाही म्हणत होती. कपाटावर फडकं टाकून ठेवलं. मग ताईंना स्वतः फोन केला, आमच्यासमोर नाही, बाहेर जाऊन. परत आली ती म्हणाली, "वरची पायरी आहे. जाते."

२७ फेब्रुवारी

उद्या जायचंय. धोंडाबाईनं दशम्या केल्यात. पोर एकदाच कडी लावून आली आणि माझ्याजवळ बसली. विचारलं काहीच नाही. पण पाय हलत होता. मीही काही विचारलं नाही. बसलो.

२८ फेब्रुवारी, शनिवार

हे सगळं नीट लिहून ठेवायचंय.

सकाळी फाट्यावर सोडायला गेलो. काचेचं कपाट सांभाळत गाडीत चढली. खिडकीतून तोंड काढलं, ओठ हलले, मला वाटलं, आता विचारते. विचारलं नाही. गाडी गेली. ती माघारी धावत येईल म्हणून मी बराच वेळ तिथंच उभा होतो. आली नाही.

घरी आलो. दुपार सरेना. काच फुटली असेल का, पोर रडत असेल का, परत आणा म्हणत असेल का? मॅडमना फोन लावला. बंद. थोड्या वेळानं पुन्हा लावून पाहिला. मला माहीत होतं बंद असणार, तरी लावला. लावला की जरा बरं वाटायचं.

धोंडाबाई अंगणात लसूण सोलत होती. तिला म्हणालो, "पोर बरी असंल ना गं?"

"असंल की."

विहिरीपर्यंत जाऊन आलो. "घाबरली नसंल ना?"

"न्हाई ओ."

फोन लावला. बंद. "अगं, पण नक्की बरी असंल ना?"

तिनं लसणाची पाटी बाजूला सरकवली. माझ्याकडं नीट पाहिलं. आणि ज्या बाईला तीन महिने ते वाक्य जमलं नव्हतं, तिनं ते एका दमात म्हटलं, "ह्या प्रश्नाचं उत्तर मी देणार न्हाई. पण तुमच्याजवळ बसते."

आणि बसली. माझ्या हातातला मोबाइल काढून घेतला, त्याच्या जागी लसणाचा गड्डा दिला. मी सोलत बसलो. छातीत धडधड चढली, चांगलीच चढली. मग काय झालं कोण जाणे, पाटी भरत आली तेव्हा माझ्या ध्यानात आलं, बराच वेळ झाला, मी काही विचारलेलं नाही.

दिवस कलता गाडी आली. संस्कृती दारातूनच बोलत आली. दुर्बिणी केवढ्या, त्या कशा सावकाश फिरतात, एक शास्त्रज्ञ काका तिच्या कपाटाशी उभे राहिले आणि म्हणाले कांद्यासारखे टोमॅटो पण वाळतील का बघ. बक्षीस नाही मिळालं. तिला त्याचं काहीच नाही. मी म्हणालो, "भीती वाटली का गं?"

"वाटली की. जेवायच्या वेळी लई वाटली. मग दुर्बीण फिरायला लागली तर बघत बसले. गेली."

मग कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आबा, गाडीत मॅडमनी मोबाइल चालू केला, तर तुमच्याच मिस्ड कॉलची रांग! मॅडम म्हणाल्या, संस्कृती, घरी काय झालं की काय गं? मी म्हटलं, काही नाही, आमचे आबा तपासत असतील."

सूनबाई पदराआड हसली. धोंडाबाई म्हणाली, "मंगळवारी ह्यांनाच न्या मंचरला."

दिवेलागणीला संस्कृती गोठ्यात गेली. कालवडीच्या मानेखाली खाजवलं. कडी लावली, एकदा. तिचा तो 'खट्' आवाज ओट्यापर्यंत आला. मागं वळून न बघता आली आणि ताटावर बसली. म्हणाली, "आजी, लसणाची चटणी एवढी कुणी केली?"

आजचे उपकार धोंडाबाईचे. आरतीताईंना मंगळवारी सांगेन. धोंडाबाईला सांगणार नाही, फार चढून बसेल.